नवा मुकादम

आपल्याकडे नोकरी मिळाली असे फारसे कोणी म्हणत नाही. नोकरी ‘लागली’ असे म्हणतात. तहान लागते, ठेच लागते, उचकी लागते, झाडाला फळ लागते, तशी मुलाला नोकरी लागते. या सगळ्या लागण्यांत माणसाचा पराक्रम थोडा आणि दैवाचा हात मोठा असतो. शिवाय नोकरी नुसती लागत नाही. कोणीतरी ती ‘लावतो’. कोणी पोराला कुठेतरी ‘चिकटवतो’. ‘तुमच्या ऑफिसात आमच्या बाळ्याला चिकटवा की!’ हे वाक्य ज्याच्या कानावर कधीच पडले नाही असा गृहस्थ माहीम-दादरच्या बाजूला शोधून सापडायचा नाही. उमेदवार म्हणजे जणू पोस्टाचे तिकीट. पाठीला ओळखीचा गोंद असला तर चिकटला, नसला तर गळून पडला, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. ती सर्वस्वी खोटी होती असे मला वाटत नाही.

मराठी शिकवणे हाच धंदा असल्यामुळे असल्या क्रियापदांशी खेळत बसण्याची मला खोड आहे. पण हल्ली या ‘लावणाऱ्या’बद्दल मी जरा गंभीरपणे विचार करू लागलो आहे. कारण तो बदलला आहे. मामा, साहेब, मुकादम, भरती अधिकारी या साऱ्यांना बाजूला सारून आता त्या खुर्चीत एक यंत्र येऊन बसले आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. अर्ज ते वाचते, उमेदवारांची उतरंड ते लावते, मुलाखतीची वेळ ते ठरवते, रजेच्या प्रश्नांची उत्तरे ते देते. कचेरीतल्या ज्या खात्याला पूर्वी ‘पर्सोनेल’ म्हणत आणि आता ‘मनुष्यबळ’ किंवा ‘मानव संसाधन’ म्हणतात, त्या खात्याचे रोजचे काम यंत्राकडे चालले आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो एका विद्यार्थ्यामुळे. माहीमच्या कोळीवाड्यातला हा मुलगा. पहाटे आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलायच्या आणि साडेसातच्या तासाला वेळेवर हजर व्हायचे, हा त्याचा तीन वर्षांचा नेम. आमच्या वाङ्मय मंडळाचा तो चिटणीस होता. ऑगस्टच्या मुसळधार पावसात, लोकल बंद असताना, कवितेवरच्या व्याख्यानाला साठ मुले गोळा करून दाखवणे हे काय काम आहे ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. त्याने ते केले. वर मंडळाचा जमाखर्च पैशापैशाने जुळवून दिला. बी. ए. झाल्यावर त्याने एका मोठ्या कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेण्याच्या जागेसाठी अर्ज केला. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज धाडला आणि अकरा बावन्नला नकार आला. बारा मिनिटे! एवढ्या वेळात आमच्याकडे चहासुद्धा होत नाही.

पूर्वीही नकार येत. ‘कळवण्यास खेद वाटतो’ असे ते छापील पत्र आठवड्याने, पंधरवड्याने येई. तो खेद खरा नसे हे सर्वांना माहीत असे. पण निदान कोणीतरी ते पत्र टाइप केलेले असे, कोणीतरी सही ठोकलेली असे, आणि त्या सहीच्या माणसाला जाऊन भेटण्याची सोय असे. या मुलाने आपल्यात काय उणे होते एवढेच विचारणारे दोन ओळींचे पत्र पाठवले. उलट टपाली उत्तर आले की, या पत्त्यावर आलेली पत्रे वाचली जात नाहीत. तो मला म्हणाला, “सर, नाही म्हटल्याचे काही नाही. पण नाही कोण म्हणाले, तेवढे तरी कळायला हवे होते.”

हा प्रश्न मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारला. वहिनी एका औषधांच्या कंपनीत मनुष्यबळ विभागात बावीस वर्षे काम करीत आहेत. संध्याकाळी रेतीबंदरावर फिरायला जाताना त्यांची आणि आमची गाठ पडते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, एका जागेला आमच्याकडे दोन हजार अर्ज येतात. एका अर्जाला एकच मिनिट दिले तरी तेहतीस तास होतात. म्हणजे चार दिवस खुर्चीवरून न उठता नुसते वाचायचे! पूर्वी आम्ही काय करायचो सांगू? वरचे दोनशे वाचायचो आणि बाकीचे कपाटात ठेवायचो. तुमचा मुलगा दोनशे एकावा असता तर त्याला नकारसुद्धा आला नसता.”

हे ऐकून माझ्या रागातली अर्धी हवा गेली. यंत्र निदान दोन हजारांवर नजर तरी टाकते. मात्र ते वाचते म्हणजे काय करते, हे पाहण्यासारखे आहे. जागेच्या जाहिरातीतले शब्द आणि अर्जातले शब्द यांचा मेळ घालून, आणि पूर्वी ज्यांना घेतले त्यांच्या अर्जांशी ताडून, ते प्रत्येकाला गुण देते. ‘वाङ्मय मंडळाचा चिटणीस’ या शब्दांत भर पावसात साठ माणसे जमवण्याची हिकमत दडलेली आहे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

यातून एक गंमतही जन्माला आली आहे. यंत्राला कोणते शब्द आवडतात हे मुलांनी ताडले आहे, आणि आता मुले आपले अर्ज दुसऱ्या यंत्राकडून लिहून घेतात. माझ्याकडे शिफारसपत्राला येणारी मुलेही हल्ली मजकूर तयार करूनच आणतात. त्यात मी त्यांच्या ‘नेतृत्वगुणांनी प्रभावित’ झालेलो असतो. म्हणजे एक यंत्र अर्ज लिहिते, दुसरे तो वाचते. वधूवरांना घरी बसवून दोन्हीकडच्या मध्यस्थांनीच एकमेकांना पसंत करावे, तसला हा मामला आहे.

पण यंत्राला नावे ठेवण्यापूर्वी, त्याच्या जागी पूर्वी जो माणूस होता त्याची आठवण काढणे न्यायाचे होईल. आमचे आजोबा राजापूर तालुक्यातून बोटीने मुंबईला आले ते १९३२ च्या सुमारास. त्यांना परळच्या एका गिरणीत लावले ते मुकादमाने. त्या काळी गिरणीत माणूस घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार व्यवहारात या मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे असे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. मुकादम आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, निदान आपल्या जातीतला माणूस आधी पाही. नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी घेई, अडीनडीला व्याजाने पैसेही देई. पहाटे भोंग्याच्या वेळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची रांग उभी राही. जो गैरहजर असेल त्याच्या जागी कोणाला आत घ्यायचे ते मुकादमाच्या बोटावर ठरे. आजोबा म्हणत, “त्याचे बोट आपल्याकडे वळेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत.”

या बोटाला आवर घालण्याचा इतिहास म्हणजेच मुंबईतल्या मनुष्यबळ खात्याचा जन्म. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात मुकादमाची सत्ता कमी करून कामगार भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावेत असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. रोजच्या रिकाम्या जागा आधी कार्डवाल्यांना मिळाव्यात असा हेतू होता. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच पुढे देवनारला गेलेली टाटा समाजविज्ञान संस्था. कामगारांचे प्रश्न हाताळणारी माणसे तिथे तयार होऊ लागली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. बोटाच्या जागी कागद आला. अर्ज, नोंद, हजेरीपट, नियम. मुकादमाची मर्जी संपून सर्वांना सारखे माप मिळावे, हा त्या कागदामागचा विचार होता. यंत्र आणणारे लोक आज तेच म्हणतात: यंत्राला मामा नाही, भाचा नाही, गाव नाही, जात नाही; ते दस्तुरी मागत नाही.

मोठे आकर्षक बोलणे आहे हे. आणि माणसाचा पूर्वेतिहास पाहता ते झिडकारून टाकणेही सोपे नाही. आपल्याच विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल ॲटवेल यांनी एक प्रयोग केला होता. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या ज्या जाहिराती येत, त्यांना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक ठेवला तो फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघाले आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. ते अर्ज यंत्राने वाचलेले नव्हते. शिकल्यासवरल्या, कदाचित आपल्यासारखेच दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसांनी ते बाजूला सारले होते.

मग यंत्र येऊ द्यावे की! इथे मात्र मला गिरणगावातलीच एक जुनी गोष्ट आठवते. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्या खात्यांत पगार सारखा नव्हता. विणकाम खात्यात मिळकत चांगली, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नसे. कारण काय? तर धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला होता.

आता अशी कल्पना करा की, त्या साली एखाद्याने आजचे हे यंत्र परळला आणले असते. यंत्राला शिकवायचे म्हणजे जुनी दप्तरे द्यायची. त्याने गेल्या पन्नास वर्षांचे हजेरीपट चाळले असते आणि अत्यंत निर्विकारपणे निष्कर्ष काढला असता की, या विशिष्ट नावांचे लोक चांगले विणकर होत नाहीत. कारण दप्तरात तसा एकही विणकर नाही! त्याच्या मनात द्वेषाचा लवलेश नसता. त्याला मनच नसते. पण जो अन्याय काल माणसांच्या तोंडी होता, तो आज आकड्यांच्या तोंडी गेला असता; आणि आकड्यांशी भांडायला संप पुकारता येत नाही.

ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्जांना गुण देणारे असे एक यंत्र घडवायला घेतले होते. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले. त्यातले बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र शिकले ते हेच की पुरुष बरे. आणि ज्या अर्जात ‘महिलांचा’ हा शब्द येई, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख, त्याचे गुण ते कापू लागले. तो शब्द वगळायला शिकवले, तरी दुसऱ्या कोणत्या आडवाटेने ते तेच करील याची खात्री देता येईना. शेवटी कंपनीने तो नाद सोडला. २०१८ मध्ये ही हकीकत जगाला कळली. हायरव्ह्यू नावाची दुसरी एक अमेरिकन कंपनी मुलाखतीच्या चित्रफितीत उमेदवाराचा चेहरा तपासून गुण देत असे. टीका झाल्यावर ती पद्धत सोडल्याचे तिने २०२१ मध्ये जाहीर केले. मला तर आमचा कोळीवाड्यातला मुलगाच डोळ्यांसमोर आला. तो बोलताना क्वचितच हसतो. समुद्रावर वाढलेली माणसे वाऱ्यात डोळे बारीक करूनच बोलतात. त्याचे कोणते गुण कापले गेले असते कोण जाणे!

हे झाले आत येणाऱ्यांचे. पण जे आत आहेत त्यांचे काय, आणि त्यांची काळजी घेणाऱ्या वहिनींचे काय? आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख अरविंद कृष्ण यांनी मे २०२३ मध्ये सांगून टाकले की, मनुष्यबळ विभागासारख्या कचेरीतल्या कामांवर नवी भरती थांबवू, आणि पाच वर्षांत अशा कामांपैकी तीस टक्के यंत्र करू लागेल. २०२५ मध्ये त्यांनीच सांगितले की, त्या विभागातल्या काहीशे लोकांचे काम यंत्राने घेतले आहे. वाचलेल्या पैशांतून दुसरीकडे माणसे घेतली. वहिनींच्या खात्यातही सात जण होते, आता तीन उरले आहेत. रजा किती शिल्लक, पगारातून कर किती कापला, विम्याचा कागद कुठे भरायचा, असल्या प्रश्नांची उत्तरे यंत्र रात्री दोन वाजताही देते. आणि बरोबर देते, असे वहिनीच सांगतात. त्यांना यंत्राचा राग नाही. जी कामे गेली ती रटाळच होती.

“मग बिघडले कुठे?” मी विचारले.

वहिनी थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावोजी, माणूस रजा किती उरली हे विचारायला यायचा ना, तो नुसते तेवढेच विचारायला यायचा नाही. खुर्ची ओढून बसायचा. मग कळायचे की बायकोला डॉक्टरने काहीतरी वाईट सांगितले आहे. एक जण पगाराची चिठ्ठी पुन:पुन्हा मागायचा; चौकशी केली तेव्हा समजले, सावकाराला दाखवायला लागते. बाळंतपणाहून परत आलेली मुलगी विम्याच्या कागदाचे निमित्त करून यायची आणि रडून घ्यायची. २०२० च्या टाळेबंदीत मी दोनशे घरी फोन केले. यातले काही माझ्या कामाच्या यादीत लिहिलेले नाही. यादीत रजेचा हिशेब होता. तो यंत्राने घेतला. आता खुर्ची रिकामी आहे, पण येऊन बसायला कोणाला निमित्त उरले नाही.”

मला हा विचार यंत्राच्या पक्षपातापेक्षाही मोलाचा वाटला. बहुतेक नोकऱ्यांत दोन कामे असतात, एक लिहिलेले आणि एक न लिहिलेले. लिहिलेल्या कामाचा पगार मिळतो आणि त्याच्या आडोशाने न लिहिलेले काम पार पडते. पोस्टमन पत्र टाकतो आणि म्हाताऱ्या आजींची खुशालीही विचारतो. यंत्र नेमायला बसणारे लोक यादी पाहतात. यादीत जे आहे तेवढे यंत्र चोख करते, आणि यादीत जे नव्हते ते नाहीसे झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. मुकादम हा लुच्चा खरा. पण माणूस आजारी पडला तर त्याच्या खोलीवर डाळतांदूळ कोण पोचवते, हेही त्यालाच ठाऊक असे.

मग करावे काय? यंत्राला परत पाठवा असे मी म्हणणार नाही. दोन हजार अर्जांना दोनशेवर थांबवणाऱ्या कपाटाकडे परत जाण्यात शहाणपण नाही. पण मुकादमाला जसे मोकळे सोडले नाही, तसे या नव्या मुकादमालाही सोडू नये. युरोपातल्या देशांनी २०२४ च्या आपल्या कायद्यात नोकरभरतीच्या यंत्रांना मोठ्या जोखमीच्या वर्गात घातले आहे. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून असे यंत्र वापरणाऱ्याला दरवर्षी त्याची पक्षपाताची तपासणी त्रयस्थाकडून करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला तसे आधी कळवावे लागते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण यंत्राने नाकारलेल्या उमेदवाराला ‘का नाकारले’ हे विचारण्याचा हक्क त्यात नाही. तो असायला हवा, एवढे माझे म्हणणे आहे. आणि प्रत्येक नकाराखाली एका जित्याजागत्या माणसाचे नाव असायला हवे. त्याने यंत्राचे ऐकले तरी चालेल. पण ऐकले ते आपण, असे त्याने कबूल केले पाहिजे. कारण चूक निघाली तर लाज वाटायला कोणीतरी हवे. सुधारणा नेहमी कोणाला तरी लाज वाटल्यावाचून सुरू होत नाही. यंत्र दुरुस्त करता येते, खजील करता येत नाही.

तो मुलगा आता शिवाजी पार्कजवळच्या एका ग्रंथविक्रेत्याकडे काम करतो. मालकांनी त्याला समोर बसवून चहा पाजला आणि एवढेच विचारले, “पावसात माणसे कशी जमवलीस रे?” वाङ्मय मंडळाची ती ओळ त्यांनी अर्जात वाचली होती. मालक उद्या म्हातारे होतील, दुकानाला एकाचे दोन, दोनाचे दहा होतील, अर्जांचे ढीग येतील, आणि तिथेही यंत्र येईल. येवो. ती ओळ पाहून कोणाला तरी कुतूहल वाटावे एवढी सोय राहिली म्हणजे झाले.

दिवाळी आली आहे, म्हणून शेवटी एक दिवाळीचीच गोष्ट सांगतो. सध्या घरोघरी बोनसचा हिशेब चालू असेल. कायद्याने तो कमीत कमी ८.३३ टक्के ठरला आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. एक महिन्याचा पगार. हा हिशेब यंत्र पापणी लवायच्या आत करते, लाख माणसांचा एकदम. पण १९२४ साली याच बोनससाठी मुंबईच्या गिरण्यांतले दीड लाखांवर कामगार कडकडीत संपावर गेले होते. चौकशी समितीने सांगितले की, त्यांचा असा काही कायदेशीर हक्क नाही. ते रिकाम्या हातांनी कामावर परतले. त्यानंतर १९६५ चा बोनस कायदा व्हायला चाळीस वर्षे लागली. १९२४ ची सगळी दप्तरे यंत्रापुढे ठेवून विचारले असते, तर त्याने समितीसारखेच उत्तर दिले असते, आणि दप्तरापुरते ते अगदी बिनचूक ठरले असते. दप्तरात जे नव्हते ते मागायला माणसे उभी राहिली, म्हणून आज आपल्या मुलांच्या अंगावर नवे कपडे आहेत.